निकालात गणिताला अ-२, पण काटापट्टीची वजाबाकी चुकली. मुलीला शाळेतून काढून घरी शिकवावं का?

पांदण | २ मे, रात्री ९:५०

यवतमाळ जिल्ह्यात कळंबकडे आमचं गाव. पाच एकर शेती, घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी चौथीत, मुलगा अंगणवाडीत. मी बारावी झाले आहे, शिलाईकाम करते. मुलगी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. शाळा चौथीपर्यंत, दोन शिक्षक.

काल झेंडावंदन झाल्यावर निकाल मिळाला. मराठी अ-२, गणित अ-२, परिसर अभ्यास अ-१, इंग्रजी ब-१. खाली नोंद : 'गणितातील क्रिया अचूक करते.' घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापसाची काटापट्टी (वजनाची पावती) घेऊन बसले. घरात ठेवलेला शेवटचा कापूस परवाच गेला. त्यांनी कौतुकानं पट्टी पोरीपुढे ठेवली. "वाच बरं माय, भरली बंडी किती, रिकामी किती, अन् कापूस किती भरला ते सांग मले." पट्टीवर ८१२ आणि ३४९. तिनं 'आठशे बारा' बरोबर वाचलं, दुसरा आकडा 'तीनशे चाळीस नऊ' असा वाचला. पाटीवर वजाबाकी मांडली आणि उत्तर काढलं ५३७. मामाजी चौथी शिकलेले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "चारशे त्रेसष्ट." पोरीनं विचारलं, "आजोबा, त्रेसष्ट म्हणजे किती?"

मामाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "काऊन व, अ-दोन हाय म्हन्ते ना तू?"

मग मी तिला बियाण्याच्या पाकिटावरची सूचना वाचायला दिली. एकेक अक्षर लावत वाचत होती. पाठ्यपुस्तकातले धडे मात्र धाडधाड वाचते. काल पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ते धडे तिला पाठ आहेत.

पाचवीसाठी आता सहा किलोमीटरवरच्या गावात नाव घालावं लागेल. रात्रभर एकच विचार डोक्यात आहे. जी श्रेणी खरी नाही तिच्या भरवशावर पुढच्या वर्गात ढकलण्यापेक्षा शाळाच सोडवावी आणि घरी बसवून नीट शिकवावं. माझ्या नणंदेच्या ओळखीत नागपूरला एक जण असं करतात. श्रेणी अशी कशी देतात? घरी शिकवलेलं चालतं का? दहावीचं पुढे काय होतं? जाणकारांनी सांगावं.

---

तान्हा_पोळा | २ मे, रात्री १०:२०

ताई, मी तुमच्या मुलीच्या जागी होतो. आठवीपर्यंत अ-१, अ-२. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत गणिताला २० पैकी ३. घरच्यांना वाटलं पोरगा बिघडला, मोबाईलच्या नादी लागला. मी बिघडलो नव्हतो, मला अपूर्णांक कधी आलेच नव्हते आणि कुणी पाहिलंच नव्हतं. ते वर्ष मी कसं काढलं माझं मला माहीत. तुम्हाला चौथीत कळलं, हे लवकर कळलं असं समजा.

---

खडू_फळा | २ मे, रात्री ११:०५

मी जिल्हा परिषदेत २१ वर्षांपासून शिकवतो. ताई, या श्रेणी आणि त्या नोंदी माझ्यासारखेच लोक लिहितात, म्हणून आतून सांगतो.

ऑगस्ट २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात नऊ श्रेणी आहेत. ९१ आणि त्यावर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असं उतरत २० आणि त्याखाली ई-२. पण हे ८१ कशाचे, ते पालकांना कुणी सांगत नाही. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे असतात आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या चाचणीचे. आकारिक म्हणजे वर्षभर शिक्षकानं केलेलं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, वर्गकार्य-गृहपाठ वगैरे. संकलितच्या ४० मध्येही १० तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे. पोरीनं एकटीनं कागदावर सोडवायचे फक्त ३०.

आता हिशेब बघा. आकारिकला ५४, तोंडीला ९ आणि लेखीला ३० पैकी १८. बेरीज ८१, म्हणजे अ-२. लेखीत दर पाचातले दोन गुण गेलेलं मूल निकालपत्रावर अ-२ दिसतं. लेखीला १२ च मिळाले तरी ७५ होतात, ब-१. तुमच्या मुलीचे गुण असेच असतील असं म्हणत नाही. आकडा असा फुगू शकतो, एवढं दाखवतोय.

पद्धत मुळात वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो. लेखी पेपरात घाबरणारं पोरगं वर्गात छान उत्तरं देतं, त्याला आकारिकमध्ये न्याय मिळावा म्हणून ती आली. पण दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. मग प्रत्येक मुलाची, प्रत्येक साधनाची नोंद मार्चमध्ये एका बैठकीत भरली जाते. 'क्रिया अचूक करते' ही वाक्यं छापील नोंदींच्या यादीतून उतरवली जातात. मीही उतरवली आहेत. जो शिक्षक ३० गुण देतो त्याला वर विचारतात, तुमच्या वर्गात मूल मागे का? ५४ देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

म्हणून शाळेत जाऊन दोन गोष्टी मागा. गणित आणि मराठीच्या संकलित चाचणीची उत्तरपत्रिका, आणि आकारिक नोंदवही. अलीकडे भाषा, गणित, इंग्रजीच्या संकलित चाचणीचे पेपर राज्याकडून येतात, तपासतो आम्हीच. तरी पोरीच्या हातचं उत्तर त्यात दिसेल. भांडायला जाऊ नका, बघायला जा.

---

धुरा | ३ मे, सकाळी ७:१०

सर, तुम्ही खरं बोलले त्याबद्दल आदर आहे. पण मग मी बाप म्हणून काय करू? पगार घेणारे तुम्ही, नोंद तुमची, आणि भोगायचं आमच्या लेकरानं? माझा पोरगा सहावीत आहे, सोयाबीनची कट्टी मोजताना बोटं मोजतो. पांदणताई, मी तर म्हणतो काढाच. शाळेत पाच तास घालवून जे आलं नाही ते घरी दोन तासांत येईल. आपल्या मागच्या पिढ्या वावरात शिकल्या, उपाशी नाही मेल्या.

---

खडू_फळा | ३ मे, सकाळी ८:००

धुरा भाऊ, तुमचा राग मला मान्य आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ताई, एक रात्री सांगायचं राहिलं. ८१२ वजा ३४९ बरोबर ५३७ हे उत्तर आम्ही शेकडो पाट्यांवर पाहिलंय. ८ मधून ३ गेले ५. पुढच्या घरात १ मधून ४ जात नाहीत, म्हणून तिनं ४ मधून १ काढला, ३. शेवटी ९ मधून २, उरले ७. म्हणजे प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान काढते, वर-खाली बघत नाही. तिला वजाबाकी अजिबात येत नाही असं यातून निघत नाही. दशक मोडून दहा एकक होतात, हे तिच्या हातून कधी घडलेलं नाही, एवढं निघतं. पऱ्हाटीच्या वाळलेल्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा आणि तिला जुडी सोडायला लावा. आठ दिवसांत फरक दिसतो.

'चाळीस नऊ' आणि 'त्रेसष्ट' ही वेगळी भानगड आहे. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या वाचायची 'वीस एक, वीस दोन' अशी दुसरी पद्धत आली. हेतू चांगला होता, जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. पण घरातली भाषा 'एकोणपन्नास' आणि 'त्रेसष्ट' हीच राहिली. तिला ६३ ही संख्या कळत असेल, तुमच्या मामाजींचा शब्द कळला नसेल. तेव्हा त्या एका संध्याकाळवरून तिची परीक्षा करू नका. शाळेची श्रेणी जितकी कच्ची, तितकीच ती संध्याकाळही कच्ची असू शकते.

---

निंबोणी | ३ मे, दुपारी २:३०

मी वर्धा जिल्ह्यात देवळीजवळ राहते. आमचा मुलगा पाचवी ते सातवी तीन वर्षं घरी शिकला आणि आठवीला परत शाळेत गेला. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आधी चांगलं सांगते. विहिरीच्या पाण्याची पातळी तो दर रविवारी दोरीनं मोजायचा आणि वहीत आलेख काढायचा. दुसऱ्या वर्षी त्यानंच सांगितलं की पाणी गेल्या उन्हाळ्यापेक्षा किती हात खाली आहे. फवारणीचं प्रमाण, एकरी बियाणं, बाजारभाव, यातून त्याचं त्रैराशिक पक्कं झालं. वाचन तर इतकं वाढलं की तालुक्याच्या वाचनालयाच्या काकूंनी त्याला एका वेळी चार पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

आता दुसरं. पहिल्या पावसानंतर पेरणीचे वीस दिवस, मग निंदण, मग सोयाबीन काढणी, मग दिवाळीपासून जानेवारीपर्यंत वेचणी. या दिवसांत आमच्या घरची शाळा बंद असायची. मी ठरवून ठेवायचे सकाळी सात ते नऊ, आणि सहालाच मजूर दारात. पहिल्या वर्षी मी दिवस मोजले तर नीट शिकवलेले ९४ भरले. लिहिण्याचं तर फारच मागे पडलं. घरी बोलून भागतं, मग मूल लिहील कशाला? आठवीत गेल्यावर दहा ओळींचा निबंध लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि सोबत. गावातली पोरं साडेपाचला परत येईपर्यंत तो बांधावर एकटा बसायचा. ते मला अजून टोचतं.

शेतातच शिकेल, असं माझे यजमानही धुरा भाऊंसारखंच म्हणायचे आणि नई तालीमचं उदाहरण द्यायचे. ती आमच्याच जिल्ह्यातली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम केला, हातानं काम करता करता शिकायचं हा त्याचा गाभा. पण सेवाग्रामला त्या कामाशेजारी शिक्षक उभा होता. सूत किती निघालं, का तुटलं, किती पेळू लागले, हे विचारणारा आणि लिहून घेणारा. कामाला प्रश्न जोडणारं माणूस नसेल तर वेचणी ही वेचणीच राहते.

तुम्ही काढूच नका असं मी म्हणत नाही. शाळेवरच्या रागातून काढू नका. आम्ही थोडं तसंच केलं होतं.

---

भुलाबाई | ३ मे, रात्री ८:४५

निंबोणीताई, तुमचा मुलगा होता. पांदणताईंची मुलगी आहे. हा फरक कुणी बोललं नाही म्हणून बोलते.

मी सहावीत असताना आईला बाळंतपणात त्रास झाला. "दोन महिने घरी राहा, मग जाशील." मला कुणी शाळेतून काढलं नव्हतं. घरी पाटी-पुस्तक होतं, बाबा रात्री शिकवणार होते, मनानं फार चांगले होते ते. दोन महिन्यांचे अकरा झाले. सकाळी पाणी, मग धाकटा, मग वावरात डबा, मग भांडी. पुस्तक फडताळात होतं, ते कुणी हिसकावलं नाही. परत गेले तेव्हा मैत्रिणी सातवीत आणि मी सहावीत. मग लाजेनंच सोडली.

ताई, तुमच्या घरी धाकटा अंगणवाडीत आहे, सासूबाई थकल्या असतील, तुमच्या मशीनवर ब्लाउज पडलेले असतील. घरी असलेल्या मुलीला "जरा बघ गं" म्हटलं जातंच. तुम्ही नाही म्हणालात तरी कुणीतरी म्हणेल. शाळेत साडेपाचपर्यंत तिला कुणी "जरा बघ गं" म्हणत नाही. तिचे एवढेच तास तिचे असतात. ती शाळा वाईट शिकवत असली तरी ते तास तिच्याकडून घेऊ नका. आणि पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. सहा किलोमीटरचं भाडं अडचण असेल तर ती धरू नका.

---

पांदण | ३ मे, रात्री १०:१५

भुलाबाई, तुमचं वाचून मशीन बंद करून बसले. आजच दुपारी मी तिला तीनदा हाक मारली होती. एकदा धाकट्याला घे म्हणून, एकदा पाणी आण म्हणून, एकदा दाराशी कोण आलं बघ म्हणून. सुट्टी आहे म्हणून चालतं असं वाटलं होतं.

कायद्याचं आणि दाखल्याचं कुणी सांगेल का?

---

दप्तर | ४ मे, सकाळी ११:२०

माझं काम शाळांच्या कागदपत्रांशी येतं, त्यामुळे माहीत आहे ते लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० मध्ये पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा अशी कुठे लिहिलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा काहीच बोलत नाही, परवानगीही नाही आणि मनाईही नाही. त्यामुळे घरी शिकवणारे देशभर आहेत, पण कागदावर तुमची मुलगी 'शाळाबाह्य' दिसेल. टीसी काढून दुसरीकडे नाव घातलं नाही तर यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत पडतं आणि शोध घेणारे शिक्षक घरी येतात. घाबरायचं कारण नाही, पण ते येतील हे माहीत असू द्या.

परत यायचं तर कलम ४ आहे. वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दहावीसाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि बाहेरून बसणाऱ्यांचा १७ नंबर फॉर्म तर सगळ्यांना माहीत आहे. मुक्त मंडळात पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही परीक्षा आहेत.

हातचं काय जातं तेही बघा. जवाहर नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा द्यायची तर मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. तुमच्या मुलीची दोन वर्षं झाली, एकच उरलं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीही सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आपल्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही.

जातीच्या दाखल्याची काळजी असेल तर, पहिलीला नाव घातलं तेव्हाच ती दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आली. ती नोंद कुठे जात नाही.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ढकलगाडी, म्हणजे नापास न करता पुढे ढकलणं, पूर्वीसारखी राहिली नाही. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलले, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात ३५ टक्के मिळाले नाहीत तर पुन्हा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. म्हणजे तुमची मुलगी येत्या वर्षीच त्या परीक्षेला बसेल.

---

धुरा | ४ मे, दुपारी १:००

म्हणजे चार वर्षं खोटी श्रेणी देऊन पाचवीत पोरीलाच नापास करणार. असा न्याय असतो का?

---

खडू_फळा | ४ मे, रात्री ९:३०

नाही, हा न्याय नाही. म्हणूनच तर म्हणतो की आता मे-जूनचे सात-आठ आठवडे हातात आहेत. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेवढा वेळ तरी आपल्याला जास्त मिळतो.

ताई, अशी मोजणी करा. 'प्रथम' संस्था २००५ पासून ग्रामीण भागात मुलांच्या घरी जाऊन असर नावाची पाहणी करते. तिची साधनं अगदी साधी आहेत. वाचनाला आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार. बस. मजकूर तिनं कधी न पाहिलेला हवा. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि "काय झालं गोष्टीत?" विचारायचं. मग त्यावर पाच ओळी लिहायला सांगायच्या.

पण एका दिवशी नको. दहा-बारा दिवसांत, सकाळी, पोट भरलेलं असताना, मामाजी समोर नसताना. आणि वहीत चूक जशीच्या तशी उतरवा, 'चुकलं' एवढंच लिहू नका. ५३७ लिहिलं म्हणूनच मला इथे बसून कळलं.

शक्य झालं तर तीच वजाबाकी पैशात विचारा. १०० ची नोट दिली, ३७ चं सामान घेतलं.

---

पांदण | २१ मे, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा लिहिते आहे. लग्नसराईचे कपडे होते. पण वही ठेवली.

वाचन : नवा मजकूर असेल तर परिच्छेद वाचते, गोष्ट अडखळत वाचते. जोडाक्षर आलं की अंदाजानं दुसराच शब्द म्हणते. 'कृषी' चं 'कुशी', 'प्रक्रिया' चं 'प्रकार'. पण गोष्ट विचारली तर सगळी सांगते, नसलेल्या दोन गोष्टीही जोडून सांगते. पाच ओळी लिहायला सांगितल्या तर दोन लिहिल्या.

गणित : १०० मधून ३७ गेले तर ६३ उरतात, हे तिनं तोंडी लगेच सांगितलं. 'साठ तीन' म्हणाली. दुकानात तिला सासूबाई पाठवतात ना, तिथे ती कधीच चुकत नाही. तीच वजाबाकी पाटीवर उभी मांडली तर उत्तर लिहिलं १३७! मी तिला दोन्ही दाखवलं आणि विचारलं, यातलं खरं कोणतं? ती म्हणाली, "दुकानात खरं साठ तीन, शाळेत हे." शाळेचं गणित आणि दुकानाचं गणित तिच्या मनात दोन वेगळी गावं आहेत. हे ऐकून मला रडू आलं, आणि कुठेतरी धीरही आला.

काड्यांच्या जुड्या केल्या. तिसऱ्या दिवशी जुडी सोडायला लागली. बाराव्या दिवशी ८१२ मधून ३४९ कुणी न सांगता ४६३ आणले. भागाकार अजून येत नाही.

शाळेतही जाऊन आले. मॅडमनी उत्तरपत्रिका लगेच काढून दिल्या. गणिताच्या लेखीला ३० पैकी १६. आकारिकला ५६, तोंडीला ९. सर, तुम्ही सांगितला तसाच हिशेब निघाला. मला वाटलं होतं मी खूप चिडेन. मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी तोंडी सगळं सांगते, म्हणून मी ९ दिले. ते खोटे नाहीत. लिहिण्याकडे माझं लक्ष पुरलं नाही." तिसरी-चौथी दोन्ही एकाच खोलीत, एकाच फळ्यावर मधोमध रेघ. मी शाळेत शेवटची कधी गेले होते ते मलाच आठवलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक किमान तीन चतुर्थांश असतात, समितीतल्या निम्म्या जागा बायांच्या, हे मॅडमनीच सांगितलं. दोन वर्षांत मी एकाही सभेला गेले नव्हते.

५६ कसे दिले ते मात्र मी विचारलं. त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते सोडलेलं नाही. नोंदवहीत 'अचूक' च्या जागी जे खरं आहे ते लिहा, पुढच्या शाळेच्या शिक्षकांना तेच वाचायला मिळणार आहे, एवढं बोलून आले.

---

निंबोणी | २१ मे, रात्री १०:००

बारा दिवसांत जे झालं ते बघा. मग घरी शिकवण्याचा विचार आता कुठे आहे?

---

पांदण | २१ मे, रात्री १०:४०

तोच विचार करते आहे ताई. सकाळचा एक तास मी तिच्याजवळ बसले तर एवढं झालं, म्हणजे मला शिकवता येतं. हे मला माहीतच नव्हतं. पण हे मे महिन्यात झालं. जुलैत मी वावरात असेन. हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं. ह्यांच्याशी बोलले, ते म्हणाले, "तू जे ठरवशील ते, पण पोरगी घरी राहिली तर तिला बकऱ्या राखाले लावू नका मायला सांगून." मायला सांगून काय होणार, मला मीच सांगायला हवं.

---

भुलाबाई | २२ मे, सकाळी ६:५०

हे वाचून माझी सकाळ चांगली झाली. सकाळचा तास सोडू नका. शाळा उघडल्यावरही नाही.

---

तान्हा_पोळा | २२ मे, दुपारी १२:१५

ताई, भागाकाराला पाढे लागतात आणि पाढ्यांना मामाजी आहेत. त्यांच्याकडून पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेही घ्या. मला कुणी शिकवलं असतं तर नववीत अपूर्णांक बघून हात थरथरला नसता.

---

पांदण | २४ जून, रात्री ९:०५

शेवटचं कळवते. पुढच्या गावातल्या शाळेत नाव घालायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत बघणार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीच मोजणी, त्याच वहीत. त्यांच्या लेखी उत्तरपत्रिकाही दर चाचणीला मागून बघणार. दिवाळीला वही पुढे सरकलेली दिसली नाही तर हा धागा मी पुन्हा वर आणेन, तेव्हा मला अडवू नका.

सकाळी साडेपाच ते साडेसहा तिचा तास आहे. त्या तासात घरात कुणी तिला हाक मारायची नाही, हे सासूबाईंनीच सगळ्यांना सांगितलं. धाकटा उठला तर त्या घेतात.

मामाजी पावकी म्हणतात, ती लिहून घेते. परवा तिनं त्यांना विचारलं, "पाव म्हणजे चार भागांतला एक, मग तुमच्या तीन पावांचं माझ्या वहीत काय लिहू?" त्यांनी काडीनं अंगणात रेघा ओढून दाखवलं. मी दारात उभी होते. भागाकार त्या दोघांचा चालू आहे, १४४ ला ६ नं येतो, ७ नं बाकी उरली की गडबडते.

परवा सकाळच्या बसनं जातो. दाखला, आधार आणि ती वही पिशवीत घातली आहे. वही वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी दाखवू का, की आधी त्यांना मुलगी बघू द्यावी? खडू_फळा सर, सांगा.

---

खडू_फळा | २४ जून, रात्री ९:४०

आधी आठवडाभर मुलगी बघू द्या, मग वही द्या. आणि वही देताना ५३७ चं पान पहिलं उघडून द्या. ज्याला शिकवायचं आहे तो शिक्षक त्या पानावर थांबेल.